अलार्म ४, अलार्म ५ आणि उरलेला एकच बोर्ड

मी कॉन्व्हेंटची. शुद्धलेखनाच्या चुका एडिटरने काढल्या असतीलच, उरलेल्या पोटात घाला. पण खाली ज्या चुका सांगणार आहे त्या मशीनवरच्या आहेत, आणि त्यांच्यापायी आमचे दोन कॉपर क्लॅड बोर्ड आणि तीन बिट गेले. मिनी प्रोजेक्टचा रिव्ह्यू दुसऱ्या दिवशी सकाळी, हातात बोर्ड एकच, आणि लेडीज हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद!

लॅबमधलं छोटं सीएनसी अर्डुइनोवर चालतं, त्यात जीआरबीएल आहे. पीसीबी मिलिंग करताना व्ही-बिटने तांबं कोरून ट्रॅक वेगळे करायचे असतात. हे तांबं बहुतेक वेळा फक्त ३५ मायक्रॉन जाड, आणि बोर्ड काही अगदी सपाट नसतो. आमचा मधोमध ०.२ मि.मी. फुगलेला होता. आता हिशोब बघा. टोकाला ०.१ मि.मी. असलेला ३० अंशांचा बिट ०.१ खोल गेला तर खाच ०.१५ रुंद होते, ०.३ खोल गेला तर ०.२६. म्हणजे ०.४ चा ट्रॅक ०.३ वर येतो. उलट, जिथे बोर्ड खाली आहे तिथे बिट हवेतच फिरतो. म्हणून आधी प्रोबिंग करायचं. बिट जागोजागी टेकवून उंचीचा नकाशा घ्यायचा, मग सॉफ्टवेअर त्याप्रमाणे झेड वर-खाली करतं.

लॅबचे मामा ह्याला सरळ 'टच घेणं' म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. ही सगळी भानगड म्हणजे एक स्विच. बिटला ग्राउंडची क्लिप, तांब्याला ए५ पिनची. टेकलं की सर्किट पूर्ण.

आम्हाला पहिल्यांदा आला अलार्म ४. त्याचा अर्थ, प्रोब सुरू व्हायच्या आधीच स्विच दाबलेला आहे. पार्टनरने कुठेतरी वाचलं होतं की डॉलर ६ ही सेटिंग १ केली की सिग्नल उलटा होतो. केली. अलार्म गेला, आम्ही टाळ्या दिल्या, आणि बिट खाली आला तो थेट तांब्यात घुसला. टोक तुटलं, मग आला अलार्म ५, म्हणजे दिलेल्या अंतरात टच मिळालाच नाही. अहो, मिळणार कसा? खरा दोष तिथेच होता, आम्ही फक्त त्याचं नाव बदललं होतं. लोखंडी क्लॅम्पचा स्क्रू तांब्याला टेकत होता. तांब्यातून मशीनच्या बॉडीत, बॉडीतून स्पिंडलच्या बेअरिंगमधून बिटमध्ये, असं सर्किट कायम जुळलेलं. क्लॅम्पखाली प्लास्टिकची पट्टी घातली, डॉलर ६ परत ० केलं, झालं.

तेव्हापासून मी मोटर हलवायच्या आधी हातानेच तपासते. बिट वर ठेवून क्लिप तांब्याला लावायची, प्रश्नचिन्ह टाइप करून स्टेटस मागवायचं. पीएनपुढे पी दिसला पाहिजे, क्लिप काढली की गेला पाहिजे. एक मिनिटाचं काम. पी दिसतच नसेल तर वायर तुटलेली असते, नाहीतर क्लिपखालचं तांबं काळं पडलेलं असतं. तो नीट दिसत असूनही अलार्म ५ आला तर प्रोबची खोली कमी दिलेली असते.

खरा त्रास अलार्म न देणाऱ्या चुकांचा. ३५ पॉइंटचा नकाशा पूर्ण झाला, एरर नाही, पण एक पॉइंट शेजाऱ्यांपेक्षा ०.४ वर. दुसरा बोर्ड ह्यातच गेला. पॉइंट खोटा वर असेल तर टेकण्याआधीच ट्रिगर झालंय, म्हणजे नॉइज. अर्डुइनोच्या आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा, फारच अशक्त. आमची वायर स्टेपरच्या वायरींना गुंडाळून नेलेली. ती लांब केली आणि ए५ ते ग्राउंड १०४ नंबरचा कपॅसिटर लावला.

पॉइंट खोटा खाली असेल तर टच उशिरा मिळालाय. तांब्यावर मळ किंवा बोटांचं तेल असतं, नाहीतर फुगलेला बोर्ड बिटखाली दबतो. पॉलिश पेपरने घासून आयपीएने पुसा, आणि डबल टेप कडेलाच नको, पूर्ण पाठीला लावा. आणखी एक लबाड कारण असतं. एकाच जागी पाच वेळा टच घ्या. आमचा फरक ०.०१ च्या आत येतो. पण आकडा दर वेळी थोडा थोडा खालीच जात असेल तर कॉलेट सैल आहे, बिट वर सरकतोय.

बिट बदलला तर त्याच मूळ जागी झेड झीरो पुन्हा घ्या, नकाशा चालतो. बोर्ड हलला तर मात्र नकाशा गेला. आणि स्पिंडल सुरू करण्याआधी क्लिप काढा! (तिसरा बिट असा गेला. वायर लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळली गेली.) मास्कही लावा, एफआर४ ची धूळ म्हणजे काच असते.

शेवटचा बोर्ड निघाला नऊ वीसला. मल्टीमीटरच्या बझरने सगळे ट्रॅक तपासले, दोन ठिकाणी तांब्याचा कीस अडकून शॉर्ट होता, जुन्या टूथब्रशने काढला. गेटवर पोचले नऊ चाळीसला. रेक्टर मॅडमना अलार्म ४ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि रजिस्टरमध्ये 'लेट' लिहिलं.