ओळखा पाहू कोणाचा धंदा?
(इयत्ता तिसरी व चौथीसाठी)

बारा बलुतेदारांची नावे मुलांकडून पाठ करून घेण्याचा प्रघात जुना आहे. नावे पाठ होतात. परंतु सुतार-लोहार सोडले तर त्या नावांमागील माणूस मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. तो उभा राहावा यासाठी हा खेळ उपयोगी पडतो.

एका मुलाने चिठ्ठी उचलावी व तीवरील धंदा मनात ठेवून वर्गापुढे उभे राहावे. इतरांनी प्रश्न विचारावेत. त्याने फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणावे. प्रश्न दहाच. प्रारंभी मुले ‘तू सोनार काय? तू शिंपी काय?’ असे विचारून प्रश्न वाया घालवितात. त्यांना तसे करू द्यावे. एकदा हरल्यावर ती आपोआप शहाणी होतात. मग ‘दारोदार हिंडावे लागते काय?’, ‘विस्तव लागतो काय?’, ‘नवी वस्तू तयार होते काय?’ असे प्रश्न येऊ लागतात. एका प्रश्नात निम्मे धंदे गळून पडतात, ही गोष्ट मुलांना येथे उमगते.

कल्हईवाल्याची चिठ्ठी प्रथम घ्यावी. तो हिंडतो, विस्तव पेटवितो, पण नवे काही घडवीत नाही. उत्तर निघाल्यावर शिक्षकांनी क्रिया समजावून द्यावी. घासलेले भांडे भात्याच्या विस्तवावर तापविले जाते. त्यात नवसागराची पूड टाकताच पांढरा धूर उठतो आणि तांब्यावर हवेमुळे धरलेला थर निघून जातो. मग कथील टेकविले की ते वितळते व कापसाच्या बोळ्याने सर्वत्र पसरते. कथील २३२ अंशांवर वितळते, तांब्याला १०८५ अंश लागतात. म्हणून कल्हई होते आणि भांडे मात्र शाबूत राहते. बिनकल्हईच्या भांड्यात ताक वा आमटी कळकते, हे घरातील आजीबाई शिक्षकांपेक्षा चांगले सांगतील. स्टेनलेस स्टील घरोघर आले आणि हा धंदा मागे पडला.

पिंजाऱ्याची ओळख त्याच्या धनुकलीच्या आवाजावरून लगेच पटते. जात्याला टाकी लावणारा मात्र कठीण जातो. जाते झिजून गुळगुळीत झाले की पीठ जाडेभरडे पडते, हेच आज मुलांना ठाऊक नसते. पखालीने पाणी भरणारा भिस्ती आणि मशालजी यांच्याही चिठ्ठ्या असाव्यात.

काही धंदे आडनावांत राहिले आहेत. पोतदार नाणी पारखी. पेशवाईत अनेक टांकसाळींचे रुपये चालत, त्यांचे वजन व कस निरनिराळे असे. तेव्हा पारख करणाऱ्याशिवाय वसूल घेणे अवघड. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया चालू केला, तेव्हा या कामाची गरज उतरली. पारसनीस फारशी पत्रव्यवहार पाही, शिकलगार शस्त्रांना धार लावी.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. गावकामांपैकी काही कामे कोणी आवडीने पत्करलेली नव्हती. ती जन्माने गळ्यात पडत. महार वतनदारास सरकारी कामासाठी वेळी-अवेळी राबावे लागे आणि मोबदला तुटपुंजा असे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. अशा कामाची चिठ्ठी खेळात घालू नये. तो विषय स्वतंत्र तासाला, इतिहास म्हणून, गंभीरपणे सांगावा. त्याचप्रमाणे ‘कोणत्या जातीचा?’ हा प्रश्न खेळात बाद समजावा. प्रश्न हात, हत्यार आणि माल यांविषयीच असावेत. वर्गातील एखाद्याच्या घरी जुना धंदा अद्याप चालू असेल, तर त्याची नक्कल होऊ देऊ नये. घरच्यांची इच्छा असल्यास त्या वडीलधाऱ्यांनाच एक दिवस शाळेत बोलवावे आणि हत्यारांची नावे त्यांच्याच तोंडून फळ्यावर लिहून घ्यावीत.

पुढील खेळाच्या चिठ्ठ्या मुलांनी स्वतः कराव्यात. प्रत्येकाने घरच्या वृद्धांना विचारून एक धंदा, त्याचे एक हत्यार व त्या कामाचा मोबदला धान्यात मिळे की पैशांत, एवढे लिहून आणावे. दहा प्रश्नांत वर्ग हरला, तर चिठ्ठी आणणाऱ्यानेच ते काम हातवारे करून दाखवावे.