खरखर कशाची?

मी नववीत असतानाची ही गोष्ट. आम्ही ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहत होतो. माझ्या मामूंची एक जुनी डिझेल पिकअप गाडी होती. रोज पहाटे तीन वाजता मामू वाशीच्या घाऊक बाजारात जात आणि उजाडायच्या आत जांभळी नाक्याच्या भाजीवाल्यांचा माल आणून देत. गाडी एक दिवस बंद राहिली, तर त्या दिवशीची कमाई बुडे. शिवाय गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवाल्याकडे जाई, ते वेगळेच.

नवरात्र तोंडावर आले होते. टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव साऱ्या ठाण्यात प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत फुलांच्या आणि फळांच्या फेऱ्या वाढत. नेमकी त्याच वेळी गाडी कुरकुरू लागली. चावी फिरवली, की 'खर्रर्र' असा आवाज येई. जणू जात्यात खडा सापडला आहे! दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर गाडी सुरू होई. पण आवाज दिवसेंदिवस वाढत होता.

एका ओळखीच्या माणसाने मामूंना सांगितले, "स्टार्टर गेला. नवाच घ्या." नवा स्टार्टर म्हणजे मामूंची कितीतरी दिवसांची बचत. मामू म्हणाले, "आधी उस्तादांना दाखवू."

उस्ताद मूळचे सातारा जिल्ह्यातले. रस्त्याच्या कडेला त्यांचे लहानसे गॅरेज होते. हिंदू-मुसलमान सगळे ड्रायव्हर त्यांना उस्तादच म्हणत. त्यांनी लगेच पाना हातात घेतला नाही. मला चावी फिरवायला सांगितली आणि स्वतः डोळे मिटून ऐकत उभे राहिले.

"आवाजावरून निम्मा रोग कळतो, बाळ," ते म्हणाले. "नुसते टक्‌ टक्‌ झाले, तर बॅटरी उतरलेली असते, नाहीतर तिच्या तारा सैल असतात. मोटर 'सूं' करून एकटीच फिरली, तर दात गुंतलेले नसतात. आणि खरखर झाली, तर दातावर दात घासतो आहे असे समजावे."

"कुणाचे दात?" मी विचारले.

उस्तादांनी खडूने फरशीवर दोन वर्तुळे काढली, एक परातीएवढे आणि एक बशीपेक्षाही लहान. मोठे वर्तुळ म्हणजे एंजिनाचे जड चाक, फ्लायव्हील. त्याच्या कडेला शंभराहून अधिक दातांची पोलादी रिंग असते. लहान वर्तुळ म्हणजे स्टार्टरचे पिनियन. त्याला जेमतेम नऊ-दहा दात असतात. चावी फिरवली, की पिनियन पुढे सरकते, रिंगेत दात अडकवते आणि जड एंजिनाला फिरवते. एंजिन सुरू झाले आणि चावी सोडली, की ते मागे येते. हे सारे दोन-तीन सेकंदांत घडते.

मुलांनो, पूर्वी हे काम माणसाचा हात करत असे. गाडीच्या पुढे उभे राहून लोखंडी हॅन्डल गरगर फिरवावे लागे. एंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवला गेला. आपल्याकडचे ड्रायव्हर त्याला 'सेल्फ' म्हणतात.

उस्ताद गाडीखाली शिरले. "स्टार्टरचा एक बोल्ट सैल आहे," खालूनच त्यांचा आवाज आला. "त्यामुळे तो तिरका बसतो. आवळला, तर कदाचित भागेल." मग बाहेर येऊन त्यांनी विचारले, "एंजिन चालू असताना कोणी चावी फिरवली होती का?"

मामू म्हणाले, "छे! मी वीस वर्षे गाडी चालवतो आहे."

माझे तोंड कोरडे पडले. माल उतरवताना मामू कधी कधी एंजिन चालूच ठेवत. तेव्हा मी त्यांच्या जागेवर बसून ड्रायव्हर झाल्याचा खेळ खेळत असे. बाजाराच्या गोंगाटात एंजिन चालू आहे, हेही माझ्या ध्यानात येत नसे. दोन-तीनदा मी चावी फिरवली होती आणि तोच 'खर्रर्र' ऐकून घाबरून खाली उतरलो होतो. गप्प राहिलो असतो, तर बोल्ट आवळून आम्ही घरी गेलो असतो.

"मी फिरवली होती," मी हळूच म्हणालो.

मामूंनी माझ्याकडे रोखून पाहिले. उस्तादांनी मात्र लगेच बॅटरीची ऋण तार सोडली आणि स्टार्टर उतरवला. पिनियनच्या दातांच्या पुढच्या कडा पार झिजल्या होत्या. "हे असेच राहिले असते, तर याने रिंग खाल्ली असती," ते म्हणाले. "रिंग बदलायला गियरबॉक्स उतरवावा लागतो. गाडी दोन दिवस इथेच पडली असती."

मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून त्यांनी पान्याने एंजिन हळूहळू फिरवले. स्टार्टरच्या भोकातून टॉर्चच्या उजेडात मी रिंगेचा एकेक दात पाहत होतो. एंजिन बहुधा ठरावीक जागीच थांबते. त्यामुळे रिंग तिथेच जास्त झिजते. म्हणून पूर्ण फेरा पाहावा लागतो. दोन ठिकाणी दात थोडे खरबरीत होते. पण तुटलेला एकही नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळपर्यंत नवे पिनियन बसले. स्टार्टर वाचला. घरी येईपर्यंत मामू माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

पहाटे तीनला त्यांनी मला उठवले. बाहेर अंधार होता. त्यांनी चावी माझ्या हातात दिली. मी ती फिरवली, एंजिन धडधडू लागले आणि मी चटकन बोटे सोडली.

"सरक पलीकडे," मामू म्हणाले, "वाशीला उशीर होतोय."