नाव विकणे आहे!

माझ्या गावाचं नाव रेडी. होस्टेलवर पहिल्याच दिवशी कुणीतरी 'आर यू रेडी?' म्हणालं आणि तो विनोद तिसऱ्या वर्षापर्यंत टिकला. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीला लागून हे गाव आहे. यशवंतगड, खाणीच्या परिसरात १९७६ साली सापडलेला द्विभुज गणपती आणि लोहखनिजाच्या खाणी ही गावाची ओळख. हल्ली घरोघरी होमस्टेच्या पाट्या दिसतात. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून गावातल्या गप्पांत 'ऑनलाईन बुकिंग' हा शब्दही आला.

याच सुमारास मला डोमेन विकण्याची अवदसा आठवली. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव. ते आपण कायमचं विकत घेत नाही. वर्षाच्या बोलीने नोंदवतो आणि दरवर्षी पैसे भरून आपल्याकडे ठेवतो. एक नाव जगात एकालाच मिळतं. चांगलं नाव स्वस्तात नोंदवायचं आणि गरजवंताला जास्त किमतीत विकायचं, असा हा धंदा. मेसच्या बिलातून वाचवलेल्या पैशांत मी दोन नावं घेतली. एक 'रेडी' आणि 'होमस्टे' हे शब्द जोडून केलेलं डॉट इन. दुसरं गावातल्याच एका होमस्टेच्या नावाचं डॉट कॉम. मालक नात्यातले, लांबचे काका. त्यांची वेबसाइट नव्हती. मला वाटलं, गिऱ्हाईक घरातच आहे!

मग मी त्यांना इंग्रजीतून मेल ठोकला. मराठीत सांगायचं तर मजकूर असा होता : 'आदरणीय महोदय, आपल्या ब्रँडचं प्रीमियम डोमेन विक्रीस उपलब्ध. किंमत फक्त पंचवीस हजार. त्वरा करा, अन्यथा दुसरे कोणी घेईल.' उत्तर नाही. आठवड्याने पुन्हा तोच मेल. तरी उत्तर नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा काका वाटेत भेटले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाबू, ह्यां नाव माझ्या आवशीचां. तां तू माकाच इकतंस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घराला त्यांनी आईचं नाव दिलं होतं. पाटी त्यांची आणि पंधरा वर्षं राबून कमावलेला विश्वासही त्यांचाच. मी फक्त त्यांच्या आधी नोंदणी केली होती. आणि 'दुसरे कोणी घेईल' हे वाक्य मला व्यापारी भाषा वाटत होतं, त्यांना ती धमकी वाटली होती.

सुट्टीवरून परत आल्यावर कायदा शोधून वाचला आणि घाम फुटला. मुंबई उच्च न्यायालयात १९९९ मध्ये रेडिफ कंपनीचा खटला झाला होता. कुणीतरी एक अक्षर बदलून 'रॅडिफ डॉट कॉम' असं नाव घेतलं होतं. न्यायालयाने त्याला मनाई केली. डोमेन म्हणजे नुसता इंटरनेटवरचा पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. पुढे २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेन नावाला असं संरक्षण मिळतं हे मान्य केलं. डॉट कॉमच्या तंट्यांसाठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय नियमावली आहे आणि डॉट इनसाठीही तशीच वेगळी नियमावली आहे. दुसऱ्याच्या व्यापारी नावाशी जुळणारं डोमेन मुख्यतः त्यालाच खर्चापेक्षा जास्त किमतीला विकायच्या हेतूने नोंदवलं असेल, तर तो वाईट हेतूचा पुरावा धरतात. म्हणजे माझा तो मेल विक्रीचा प्रस्ताव होताच, शिवाय माझ्याविरुद्धचा लेखी पुरावाही मीच सही करून पाठवला होता!

ते नाव मी काकांच्या खात्यावर करून दिलं. त्यांनी हट्टाने पावतीवरची रक्कम दिली. त्यावर एक रुपयाही मी घेतला नाही.

आता उरलं दुसरं नाव. हे कुणा एकाचं नाही. गावाचं नाव आणि धंद्याचा सर्वसाधारण शब्द एवढंच त्यात आहे. ते विकायला हरकत नव्हती. पण या वेळी संदेश लिहायला चार दिवस घेतले. त्यातून जे शिकलो ते असं :

१. आधी गिऱ्हाईक निवडा. शंभर जणांना एकच मजकूर पाठवला तर तो स्पॅममध्ये जातो. मी चौदाच घरं निवडली. डोमेनमालकांचे तपशील पूर्वी सहज दिसायचे, २०१८ नंतर ते बहुतेक झाकलेले असतात. त्यामुळे धंद्याच्या पाटीवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर मालकाने स्वतः दिलेला पत्ताच वापरला.

२. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण आणि कशासाठी लिहिताय ते सांगा. 'प्रीमियम', 'सुवर्णसंधी' हे शब्द काढून टाका.

३. हे नाव त्यांच्या कामाचं का आहे ते एका वाक्यात सांगा. पण 'गूगलवर पहिला नंबर येईल' असं वचन देऊ नका. नुसते शब्द जुळतात म्हणून वर येणाऱ्या सुमार साइट्सना गूगलने २०१२ मध्येच खाली ढकललंय.

४. किंमत स्पष्ट लिहा. दरवर्षी नूतनीकरणाचा खर्च पडतो हेही सांगा. तो लपवला तर पुढच्या वर्षी शिव्या तुम्हालाच!

५. व्यवहार कसा होईल ते लिहा. दोघांचं खातं एकाच नोंदणी कंपनीत असलं तर नाव चटकन हलवता येतं. दुसऱ्या कंपनीत न्यायचं तर गुप्त कोड लागतो, आणि नवीन नोंदणीनंतरचे साधारण ६० दिवस बहुधा ते जमत नाही. मोठी रक्कम असेल तर पैसे मध्यस्थाकडे ठेवणारी सेवा घ्यावी.

६. आठवण एकदाच करा. दुसऱ्यांदा केली की तो तगादा होतो.

माझा नवा संदेश असा होता :

'सप्रेम नमस्कार. मी मूळचा रेडीचा, सध्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "रेडी" आणि "होमस्टे" हे शब्द जोडून केलेलं डॉट इन नाव माझ्याकडे नोंदवलेलं आहे. आपण पर्यटकांची सोय करता, म्हणून विचारतो. पाहुण्याला फोनवर सांगायला हे नाव सोपं आहे. अपेक्षा चार हजार रुपये, एकदाच. पुढे दरवर्षी नूतनीकरणाचा खर्च येईल. नाव आपल्या खात्यात आलेलं बघून मगच पैसे द्यावेत. नको असेल तर उत्तर दिलं नाहीत तरी राग नाही.'

चौदा जणांना पाठवला. दहा जण गप्प. दोघांनी 'नको' कळवलं. एकाने उलट विचारलं, 'वेबसाइट बनवून देतोस का?' आणि एका ताईंनी तीन हजारांत नाव घेतलं. नोंदणीचा खर्च वजा जाता हातात फार उरलं नाही. पण वेबसाइटचं काम मिळालं, त्यात सेमिस्टरची पुस्तकं निघाली.

होस्टेलवर अजून दोघे-तिघे नावं नोंदवून बसलेत, म्हणून हे सगळं लिहिलं. मेल पाठवण्याआधी एकच परीक्षा करा. हाच मजकूर त्या माणसासमोर उभं राहून, त्याच्या डोळ्यांत बघून वाचता येईल का? येत असेल तर खुशाल पाठवा. मला पहिला मेल तसा वाचता आला नसता.

असो. काकांच्या होमस्टेची साइट आता मीच सांभाळतो. मुखपृष्ठावर त्यांच्या आईचा फोटो आहे.