अक्षरांचे क्रमांक

मुलांनो, उर्दू लिहिताना नुक्त्याची किती काळजी घ्यावी लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. 'जीम'च्या पोटातील नुक्ता वर गेला की 'खे' होते. तेवढ्यानेच 'जुदा'चे 'खुदा' होते. कागदावर आपण अक्षर ओळखतो ते त्याच्या आकारावरून. संगणक मात्र ते ओळखतो क्रमांकावरून.

हजेरीपटात प्रत्येक मुलाला क्रमांक असतो. तसाच संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. 'बे'चा क्रमांक १५७६ आहे. मराठीतील 'क'चा क्रमांक २३२५ आहे. तुम्ही कळ दाबता तेव्हा संगणक 'बे'चे चित्र साठवत नाही. तिचा क्रमांक साठवतो.

तुम्ही विचाराल, 'बे' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि सुटे असताना वेगवेगळे दिसते. मग त्याला चार क्रमांक लागतात का? नाही. लिहिताना क्रमांक एकच. शेजारची अक्षरे पाहून योग्य आकार दाखवण्याचे काम फाँट करतो. नस्ख असो वा नस्तालीक, आकार बदलतो. क्रमांक बदलत नाही.

हे क्रमांक एका दिवसात ठरले नाहीत. १९८७ साली अरबी अक्षरांचा एक आंतरराष्ट्रीय तक्ता तयार झाला. त्यात अरबी भाषेची अक्षरे होती. परंतु पे, टे, चे, डाल, गाफ ही अक्षरे नव्हती. त्या तक्त्याने उर्दूतील 'पानी', 'रोटी' किंवा 'गुलाब' लिहिता येत नव्हते. १९९१ साली युनिकोड हा तक्ता आला. जगातील सर्व लिप्यांना एकाच तक्त्यात जागा द्यावी, हा त्याचा हेतू होता. त्यात अरबी लिपीच्या मुख्य विभागाला १५३६ ते १७९१ हे क्रमांक मिळाले. उर्दूच्या 'टे'ला १६५७, 'डाल'ला १६७२ आणि 'बडी ये'ला १७४६ क्रमांक मिळाला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अरबी 'ये'चा क्रमांक १६१० आहे. उर्दूच्या 'छोटी ये'चा क्रमांक १७४० आहे. शब्दाच्या शेवटी अरबी 'ये'खाली दोन नुक्ते असतात, उर्दूत नसतात. पण शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये दोन्ही अगदी सारख्या दिसतात.

समजा, शिष्यवृत्तीच्या यादीत 'यास्मीन' हे नाव कोणी अरबी कळफलक वापरून लिहिले. या नावात 'ये' दोनदा येते, एकदा सुरुवातीला आणि एकदा मध्ये. नंतर दुसऱ्या कोणी उर्दू कळफलक वापरून तेच नाव शोधले. डोळ्यांना दोन्ही नावे एकच दिसतात. पण क्रमांक निराळे आहेत. संगणक सांगतो, 'असे नाव नाही.' मुलगी वर्गात आहे, तिचे नाव यादीत आहे, तरी ते सापडत नाही! काही संगणकांत हा फरक सांभाळून घेण्याची सोय असते, पण सगळ्यांत नसते. 'काफ'चेही तसेच आहे. अरबी 'काफ' १६०३, तर उर्दू 'काफ' १७०५.

म्हणून अरबी मजकुरासाठी अरबी कळफलक घ्या आणि उर्दूसाठी उर्दूच घ्या. कातिबांनी नुक्ता जपला. आपण नुक्त्याबरोबर क्रमांकही जपला पाहिजे.

शब्दार्थ
अक्षर – हर्फ
आकार – शक्ल
कळफलक – कीबोर्ड
शिष्यवृत्ती – वजीफा
मजकूर – लिहिलेला भाग

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) संगणक अक्षर कशावरून ओळखतो?
(आ) १९८७ च्या तक्त्यात उर्दूची कोणती अक्षरे नव्हती?
२. कारण लिहा : यादीत असूनही 'यास्मीन' हे नाव सापडले नाही.
३. उपक्रम : तुमचे नाव उर्दूत लिहा. त्यात 'ये' किंवा 'काफ' आहे का, ते पाहा.