वाफेचा पहारा : दाबमापक आणि सुरक्षा झडप यांची कथा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

औद्योगिक क्रांतीचा धडा आपण सर्वांनीच शाळेत घोकलेला आहे. वॅटने वाफेचे एंजिन सुधारले, गिरण्या निघाल्या, आगगाड्या धावू लागल्या आणि जगाचा चेहरामोहरा बदलला, असे त्यात सांगितलेले असते. परंतु ज्या भांड्यात ही वाफ तयार होते त्या बॉयलरविषयी, आणि त्या बॉयलरसमोर उभे राहून भट्टीत कोळसा घालणाऱ्या माणसाविषयी त्या धड्यात एक ओळही नसते.

मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. यंत्रशास्त्राचा माझा अभ्यास नाही. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो, याचे कारण माझे वडील इचलकरंजीतील एका सायझिंगमध्ये गेली बावीस वर्षे बॉयलरवर काम करतात. ताण्याच्या सुताला खळ लावून ते वाळवण्यासाठी वाफ लागते. ती वाफ तयार करणे हे त्यांचे काम. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जात असे. अण्णा जेवायला बसत तेही बॉयलरकडे तोंड करून. घास तोंडात असला तरी नजर वरच्या गोल तबकडीवर असे. त्या तबकडीवर एक तांबडी रेघ होती. मी एकदा विचारले, "अण्णा, काटा त्या रेघेच्या पुढं गेला तर?" ते म्हणाले, "वरचा वॉल्व्ह उघडतो आणि वाफ बाहेर पडते." "आणि नाही उघडला तर?" यावर अण्णा हसून म्हणाले, "म्हणून तर मला ठेवलंय."

तो काटा म्हणजे दाबमापक, आणि तो वॉल्व्ह म्हणजे सुरक्षा झडप. या दोन लहानशा वस्तूंच्या मागे सुमारे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो केवळ यंत्रांचा इतिहास नाही. त्याचीच थोडी ओळख या लेखात करून देण्याचा विचार आहे.

धोका कशात असतो?

उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. बंद भांड्यात मात्र वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी त्याहून अधिक तापले तरी पाणीच राहते. दर चौरस सेंटिमीटरला १० किलो इतका दाब असलेल्या बॉयलरमधील पाणी सुमारे १८४ अंशांपर्यंत तापलेले असते. अशा बॉयलरचा पत्रा जर फाटला, तर आतला दाब एकदम नाहीसा होतो आणि त्या तापलेल्या पाण्यातील काही भागाची क्षणार्धात वाफ होते. साध्या दाबाला पाण्यापेक्षा वाफेला सुमारे सोळाशे पट जागा लागते. म्हणून बॉयलर नुसता गळत नाही, तो फुटतो. आणि त्याच्या समोर जो उभा असतो तो बहुधा वाचत नाही.

पापँचे भांडे

सुरक्षा झडपेचा उगम एंजिनात नसून स्वयंपाकाच्या भांड्यात आहे, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. देनी पापँ हा १६४७ साली जन्मलेला फ्रेंच शास्त्रज्ञ. लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल यांच्याबरोबर काम करीत असताना, १६७९ च्या सुमारास, त्याने घट्ट झाकणाचे एक भांडे तयार केले. त्यात हाडेसुद्धा मऊ शिजत असत. १६८२ साली रॉयल सोसायटीच्या सभासदांनी या भांड्यात शिजवलेल्या अन्नाचे जेवण घेतले, अशी नोंद जॉन एव्हलिन यांच्या रोजनिशीत आहे.

भांडे फुटू नये म्हणून पापँने झाकणाला एक भोक ठेवले, भोकावर एक बुडखा बसवला आणि त्या बुडख्यावर एक आडवी दांडी टेकवली. दांडीचे एक टोक पक्के, दुसऱ्या बाजूला सरकवता येणारे वजन. जुन्या दांडीच्या तराजूसारखीच ही रचना होती. आतला दाब वजनापेक्षा भारी झाला की बुडखा उचलला जाई आणि वाफ बाहेर पडे. आपल्या घरातील कुकरची शिट्टी म्हणजे याच कल्पनेचे आजचे रूप होय. पापँ प्रॉटेस्टंट असल्यामुळे त्याला फ्रान्समध्ये परत जाऊन राहता आले नाही, आणि १७१३ च्या सुमारास तो लंडनमध्ये दारिद्र्यात वारला.

पापँच्या रचनेत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वजन सरकवता येत होते. म्हणजेच दाबाची मर्यादा किती असावी, हे दांडीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात होते. पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

ग्रीनिचचा स्फोट

न्यूकोमेनचे १७१२ चे एंजिन आणि त्यानंतरचे वॅटचे एंजिन अगदी कमी दाबाच्या वाफेवर चालत असे. वॅटला जास्त दाबाची भीती वाटे. १८०० साली त्याच्या पेटंटची मुदत संपली आणि कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने जास्त दाबाची, आकाराने लहान पण ताकदीची एंजिने करण्यास सुरुवात केली. एंजिन लहान झाले म्हणूनच ते पुढे चाकांवर बसवता आले.

परंतु १८०३ च्या सप्टेंबरात लंडनजवळ ग्रीनिच येथे त्याच्या एका पंपाच्या एंजिनाचा ओतीव लोखंडाचा बॉयलर फुटला आणि चार माणसे ठार झाली. एंजिनावर एका मुलाला नेमलेले होते. तो एंजिन दुसऱ्याच्या हवाली करून ईल मासे पकडायला गेला होता. झडप उघडू नये अशी अडकवून ठेवलेली होती. त्या दुसऱ्या माणसाने एंजिन बंद केले, पण झडप मोकळी केली नाही. भट्टी पेटलेली, वाफेला कुठूनच वाट नाही. व्हायचे तेच झाले. वॅटच्या बाजूच्या लोकांनी या अपघाताचा जास्त दाबाविरुद्ध प्रचारासाठी उपयोग केला, अशी ट्रेव्हिथिकची तक्रार होती.

अपघात निष्काळजीपणामुळे झाला असे ट्रेव्हिथिक म्हणत राहिला, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. यापुढे बॉयलरला दोन झडपा बसवायच्या व त्यांतील एक चालवणाऱ्याचा हात लागणार नाही अशी ठेवायची, असे त्याने ठरवले. भट्टीच्या छतात त्याने शिशाची गुडदी बसवली. पाणी कमी होऊन छत उघडे पडले की शिसे वितळते, वाफ भट्टीत घुसते आणि इशारा मिळतो. कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी जो सेफ्टी वॉल्व्ह असतो, त्यातही याच जातीची वितळणारी गुडदी असते. शिवाय दाब दिसावा म्हणून त्याने पाऱ्याचा दाबमापकही लावला. एका अपघातातून असे तीन पहारेकरी उभे राहिले.

कापसाच्या गाठी

मात्र सर्वांनी हा धडा घेतला नाही. अमेरिकेत 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन' नावाचे एंजिन होते. १७ जून १८३१ रोजी त्याच्या फायरमनला झडपेतून सुटणाऱ्या वाफेच्या आवाजाचा त्रास होऊ लागला आणि त्याने झडपेची दांडी दाबून धरली, असे सांगतात. बॉयलर फुटला आणि त्यात त्याचाच बळी गेला. तो कृष्णवर्णीय मजूर होता. एंजिनाचे नाव पुस्तकांतून आवर्जून दिलेले असते, त्याचे नसते.

यानंतर त्या रेल्वेने काय केले ते पाहण्यासारखे आहे. एंजिन आणि उतारूंचे डबे यांच्यामध्ये कापसाच्या गाठी रचलेला एक उघडा डबा जोडण्यात आला. उतारूंना धीर आला. फायरमन मात्र कापसाच्या अलीकडे, बॉयलरपाशीच उभा राहिला.

बूर्दाँची नळी

झडप कृती करते, पण ती बोलत नाही. आत दाब किती आहे हे आधी कळले पाहिजे. पाऱ्याच्या मापकाची अडचण अशी, की वातावरणाच्या एकपट दाबाला पारा ७६० मिलिमीटर चढतो. दहापट दाबाला साडेसात मीटरहून उंच नळी लागेल. अशी नळी धावत्या एंजिनावर कशी टिकायची?

याचे उत्तर पॅरिसच्या युजीन बूर्दाँ यास योगायोगाने सापडले. त्याच्या कारखान्यात एका एंजिनासाठी नळीचे वेटोळे तयार होत असताना नळी चेपली गेली. ती पुन्हा गोल व्हावी म्हणून त्याने तिच्यात दाबाने पाणी भरले. नळी फुगू लागली तसतसे वेटोळेही उलगडू लागले. दुसऱ्या कोणी ती नळी भंगारात टाकली असती. बूर्दाँने त्यात दाबमापक पाहिला. चपटी नळी चंद्रकोरीसारखी वाकवायची, एक टोक बंद करायचे, दुसऱ्यातून दाब आत सोडायचा. दाब वाढला की नळी किंचित सरळ होते. बंद टोकाची ती हालचाल दातेरी चाकाने वाढवून काट्याला द्यायची. १८४९ साली त्याने याचे पेटंट घेतले. त्याच सुमारास जर्मनीत माग्डेबुर्गच्या शेफरने पातळ पडद्याचा दाबमापक काढला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात बूर्दाँच्या मापकाचा गौरव झाला आणि १८५२ साली अ‍ॅशक्रॉफ्टने त्याचे अमेरिकेतील हक्क घेतले. अण्णांच्या तबकडीत आजही तीच चंद्रकोर आहे. तबकडीखाली नळीला एक वेढा असतो. त्यात पाणी साचून राहते आणि गरम वाफ चंद्रकोरीपर्यंत पोचत नाही, हे मला अण्णांनीच दाखवले.

मला या शोधाचे मोठेपण निराळ्या कारणासाठी वाटते. ज्याला पुस्तक वाचता येत नाही, त्यालाही काटा आणि तांबडी रेघ वाचता येते. बॉयलरच्या पोटातील गोष्ट या शोधामुळे साध्या कामगाराच्या डोळ्यांसमोर आली.

हात न पोचणारी झडप

रेल्वे एंजिनांवर वजनाऐवजी स्प्रिंगच्या झडपा आल्या, पण ड्रायव्हर त्यांचा स्क्रू आवळून ठेवीत. वेळ गाठायची असे, चढ चढायचा असे. इंग्लंडमधील रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटम याने १८५५ च्या सुमारास यावर नामी तोड काढली. दोन झडपा, त्यांच्यावर एकच आडवी दांडी, आणि दोहोंच्या मधोमध दांडीला खाली ओढणारी एकच स्प्रिंग. ड्रायव्हरने दांडीचे टोक दाबले तर एक झडप दाबली जाते, पण दुसरीवरचा भार हलका होऊन ती उघडते. दांडी हलवून झडप अडकलेली नाही ना, हे पाहता येते; दोन्ही मिळून मर्यादा वाढवता मात्र येत नाही.

पुढे रिची (१८४८), नेलर (१८६३) आणि रिचर्डसन यांच्या प्रयत्नांतून झडपेच्या कडेला असा ओठ आला, की ती उघडू लागताच वाफेला ढकलायला अधिक जागा मिळते आणि झडप फुसफुसत न बसता एकदम पुरी उघडते.

शोधापुढे कायदा

झडप चांगली असून भागत नाही. ती तपासणाराही लागतो. १८५४ साली मँचेस्टरला फेअरबेर्न प्रभृतींच्या पुढाकाराने बॉयलर तपासणारी संस्था निघाली. १९०५ साली अमेरिकेत ब्रॉक्टन येथील जोड्यांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसे मेली, तेव्हा तेथे बॉयलरबांधणीचे कडक नियम झाले. आपल्याकडे १८६३ साली कलकत्त्यात झालेल्या स्फोटानंतर १८६४ चा बंगालचा कायदा आला. नंतर प्रांतोप्रांतीचे निरनिराळे कायदे जाऊन १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला. २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. प्रत्येक कायद्याच्या मागे कोणाचे तरी घर उद्ध्वस्त झालेले आहे.

हे सर्व जुने झाले असे कोणी समजू नये. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर अण्णांच्या बॉयलरचा वॉल्व्ह मर्यादेच्या आतच फुसफुसू लागला. कोळसा वाया जातो, सूत वाळत नाही, म्हणून त्यांना वॉल्व्ह आवळण्यास सांगण्यात आले. त्यावर इन्स्पेक्टरचे शिशाचे सील होते. अण्णा म्हणाले, "आधी आग ओढून बाहेर काढतो, मग वॉल्व्ह उतरवून त्याची बैठक घासा. पेटत्या बॉयलरचं सील मी तोडणार नाही." त्यांचा दोन दिवसांचा पगार कापला गेला. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. पुढे आईकडून मला कळली. त्याच महिन्यात माझी बारावीची परीक्षा फी भरायची होती.

या लेखासाठी वाचन करताना मला पुन्हा पुन्हा वाटले, की झडप आवळणारा हात नेहमी कामगाराचा असतो, पण आवळण्याची घाई बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाची असते. ट्रेव्हिथिक आणि रॅम्सबॉटम यांनी कामगाराला नुसता उपदेश केला नाही. त्याच्यावर दडपण आले तरी त्याच्या हातून चूक घडूच नये, अशी यंत्राची रचना केली. त्यांचे खरे मोठेपण मला यात दिसते.

हा लेख मी अण्णांना वाचून दाखवला. बूर्दाँच्या नळीपाशी त्यांनी मान डोलावली. ग्रीनिचच्या गोष्टीपाशी मात्र त्यांनी मला थांबवले आणि विचारले, "एवढ्या एंजिनावर पोरगं एकटंच ठेवलं होतं?" मी इतिहासाचा विद्यार्थी असूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता.