आवाज कसा सांभाळावा?

पंढरपूर आपल्याच सोलापूर जिल्ह्यात. गावोगावी भजन-कीर्तन असतेच. आता तेथे मिक्सरही असतो. हा चटणीचा मिक्सर नव्हे! सगळ्या माईकांचे आवाज एकत्र करणारे हे यंत्र आहे.

त्यावर बटणांच्या उभ्या रांगा असतात. एका माईकला एक रांग. म्हणून आधी चिठ्ठ्या चिकटवाव्यात: बुवा, पेटी, पखवाज, टाळ. आपल्याला आता लिहिता येते. मग ऐन वेळी घोटाळा कशाला?

वरचे गोल बटण म्हणजे ‘गेन’. माईकचा आवाज यंत्रात किती घ्यायचा, ते त्यावर ठरते. गाणाऱ्याला मोकळ्या गळ्याने गाऊ द्यावे. लाल दिवा लागला तर गेन उतरवावा. नाहीतर आवाज फाटतो. मधली बटणे जाड व बारीक आवाजाची. खालची सरकती दांडी म्हणजे ‘फेडर’. तिने त्या माईकचा आवाज कमीजास्त होतो.

एका सप्ताहात एक आजीबाई अभंग म्हणत होत्या. शब्द ऐकू येईना. मिक्सरवरच्या पोराने आजींची दांडी वर, आणखी वर नेली. कूंऽऽ अशी शिट्टी वाजली! स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला, की असेच होते. आजी घाबरून गप्प झाल्या. आम्ही म्हटले, “बाळा, ती दांडी थोडी उतरव. पखवाज आणि टाळही खाली घे.” मग आजींचा शब्द न् शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

एकाचे ऐकू यायला हवे, तर इतरांनी थोडे हळू व्हावे. मिक्सरचे असे, ग्रामसभेचेही असेच.