ब्राउझरची स्मरणशक्ती : निवड, बिघाड आणि उपचार

आपल्या मासिक सभेत कोणाच्या भ्रमणध्वनीवर एखादे संकेतस्थळ उघडेनासे झाले, की तो फोन हळूच माझ्याकडे सरकवण्याचा प्रघात गेली काही वर्षे पडला आहे. मी बालरोगतज्ज्ञ, संगणकशास्त्राचे माझे औपचारिक शिक्षण शून्य. तरीही संपादक मंडळाने ‘या वर्षी गोवर-कांजिण्या नकोत, त्या ब्राउझरवर लिहा’ अशी सूचना केली, तेव्हा नकार द्यावासा वाटला नाही. त्याला कारण माझ्याच दवाखान्यातला एक प्रसंग आहे. तो आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली संध्याकाळ. इंदूरचा पाऊस आणि वीजपुरवठा यांचे वैर आपणांस ठाऊक आहेच. माझ्यासोबत काम करणारी तरुण डॉक्टर वजनावरून औषधाची मात्रा काढून देणारे एक पान संगणकावर उघडे ठेवीत असे. बावीस किलोच्या एका मुलाचे आकडे तिने भरले होते, इतक्यात वीज गेली. ती परत आल्यावर ब्राउझरने ‘आधीची पाने पुन्हा उघडू का’ असे विचारले आणि तिने होकार दिला. पुढचे बाळ नऊ किलोचे होते. तिने वय बदलले, औषध निवडले. वजनाची चौकट भरलेली दिसली, ती आपणच भरली असे तिला वाटले. पॅरासिटॅमॉलचे उत्तर आले ६.६ मिलिलिटर. चिठ्ठी लिहून झाली. बाळाच्या आईने ती वाचली आणि संकोचाने विचारले, ‘डॉक्टर, मागच्या वेळी तर अर्धाच चमचा सांगितला होता ना?’

किलोमागे १५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम औषध, या हिशोबाने त्या बाळाला २.७ मिलिलिटर पुरेसे होते. म्हणजे आई बरोबर होती. चिठ्ठी तिथल्या तिथे फाडली, नवी लिहिली, आणि कोणाचे काही बिघडले नाही. परंतु त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. ब्राउझर बिघडला असता तर मी एवढी अस्वस्थ झाले नसते. त्याने तर आपले काम चोख केले होते: जे भरले होते ते लक्षात ठेवले होते.

वीस वर्षे ब्राउझर वापरूनही मी त्याला खिडकीच समजत आले होते. पलीकडचे जसेच्या तसे दाखवणारी काच. मराठीत त्याला ‘न्याहाळक’ असा एक सुंदर प्रतिशब्द मध्यंतरी काहींनी रूढ करून पाहिला, त्यातही केवळ पाहण्याचाच भाव आहे. प्रत्यक्षात ब्राउझर ही स्मृती असलेली वस्तू आहे. पान लवकर उघडावे म्हणून त्यातील चित्रे व मजकूर तो आपल्या यंत्रावर साठवतो, त्या साठ्यास कॅशे म्हणतात. आपण कोण हे संकेतस्थळाला पुन्हा सांगावे लागू नये म्हणून तो कुकी नावाच्या छोट्या नोंदी ठेवतो. भरलेले अर्ज, परवलीचे शब्द, दिलेल्या परवानग्या हेही तो विसरत नाही. माझ्या अनुभवात ब्राउझरच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा या स्मरणशक्तीच्याच असतात: कधी जुने आठवते, कधी नको ते आठवते, तर कधी एकाचे दुसऱ्याला सांगितले जाते.

आता निवडीविषयी. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला. १९९३ मध्ये मोझेक, १९९४ मध्ये नेटस्केप आणि १९९५ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आमच्या घरी ते आले ते वडिलांच्या हट्टाने. पुण्या-मुंबईची मराठी वृत्तपत्रे त्यांना त्याच दिवशी वाचायची होती. पण त्या काळी प्रत्येक वृत्तपत्राचा टंक निराळा. एका ब्राउझरमध्ये अग्रलेख दिसे, तर दुसऱ्यात त्याच जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग. ‘पद्म’ नावाचे एक जोडसाधन फायरफॉक्समध्ये बसवले, की भारतीय लिप्यांतील अशी काही पाने युनिकोडमध्ये रूपांतरित होऊन वाचता येत. ब्राउझर निवडणे म्हणजे काय वाचता येईल हे निवडणे होते. युनिकोडचा सार्वत्रिक स्वीकार झाल्यावर तो प्रश्न संपला, आणि आजच्या पिढीला त्याची कल्पनाही नाही.

आज बाजारात नावे पुष्कळ असली तरी आतली यंत्रे मोजकी आहेत. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सर्व क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. एज तर जानेवारी २०२० पासून त्या पंगतीत बसला. फायरफॉक्सचे यंत्र स्वतंत्र, त्याचे नाव गेको. सफारीचे वेबकिट. आयफोनवर तर आपल्याकडे क्रोम घ्या वा फायरफॉक्स, आत वेबकिटच असते. युरोपीय संघात २०२४ पासून हे बंधन सैल करावे लागले. हा तपशील निरुपयोगी वाटेल, पण उपचारात त्याचा उपयोग आहे. एखादे पान क्रोममध्ये चालत नसेल तर एजमध्ये उघडून पाहणे म्हणजे त्याच घराण्यातील भावाला विचारणे. खरे दुसरे मत हवे असेल तर फायरफॉक्सकडे गेले पाहिजे. म्हणून माझा सल्ला असा, की प्रत्येक संगणकावर दोन घराण्यांचे दोन ब्राउझर असावेत. एक नेहमीच्या कामाला, दुसरा शंकानिरसनाला. कोणता श्रेष्ठ हा वाद मला व्यर्थ वाटतो. जो अद्ययावत राहतो तो चांगला.

येथेच आपल्यापैकी अनेकांची गाडी अडते. दवाखान्यातील संगणक आपण सोनोग्राफीच्या यंत्रासारखे वापरतो, चालते आहे तोवर हात लावायचा नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ क्रमांकाची, जानेवारी २०२३ मधील; फायरफॉक्सने आपल्या ११५ क्रमांकाच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीतून त्या संगणकांची सोबत आणखी काही काळ केली. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला आहे. जुन्या यंत्राचे एखादे पान त्याच्यावाचून उघडत नसेल, तर एजमध्ये त्याच्यासाठी वेगळी सोय आहे आणि ती किमान २०२९ पर्यंत राहील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे.

बिघाडाकडे वळताना माझी आपणांस एकच विनंती आहे. तापाच्या प्रत्येक रुग्णाला आपण पहिल्याच दिवशी प्रतिजैविक देत नाही. मग पान उघडले नाही की सगळे पुसून टाकण्याची घाई का करावी? प्रथम इतिहास घ्यावा. बिघाड एकाच संकेतस्थळापुरता आहे की सर्वत्र? एकाच संगणकावर की फोनवरही? काल चालत होते का, आणि मध्ये काय बदलले? सर्वत्र काहीच उघडत नसेल तर दोष बहुधा जोडणीचा. फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडून पाहावे, म्हणजे निर्णय होतो.

एकाच पानाची तक्रार असेल तर माझी आवडती तपासणी म्हणजे खासगी खिडकी. क्रोम व एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन; फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. ही खिडकी जुन्या कुकी न घेता उघडते, आणि जोडसाधने तिच्यात सहसा बंद असतात. पान येथे नीट उघडले तर दोष संकेतस्थळाचा नाही, आपल्या ब्राउझरच्या स्मृतीचा किंवा एखाद्या जोडसाधनाचा आहे. मग जोडसाधने एकेक बंद करून पाहावीत. आहारातून एकेक पदार्थ वगळून ॲलर्जी शोधतो तशी. त्यातून काही निष्पन्न झाले नाही, तर केवळ त्या संकेतस्थळाच्या कुकी व साठा पुसावा. सरसकट पुसायची वेळ आलीच, तर ‘परवलीचे शब्द’ या चौकटीतील खूण आधी काढावी. ही खूण न काढल्यामुळे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा एक आठवडा पासवर्ड आठवण्यात गेलेला मी पाहिला आहे. (आमच्या स्वागतकक्षातील मुलीला मी एकदा ‘कॅश क्लिअर कर’ असे सांगितले, तर तिने दिवसभराचा गल्ला मोजून माझ्यापुढे ठेवला. तेव्हापासून मी ‘कॅशे’ म्हणते.)

एक बिघाड मात्र फसवा आहे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ‘तुमची जोडणी खासगी नाही’ असे सांगून अडू लागले, तर ब्राउझरला दोष देण्यापूर्वी संगणकाचे घड्याळ पाहावे. प्रमाणपत्रांना आरंभाची आणि अखेरची तारीख असते. संगणक स्वतःला दहा वर्षे मागे समजत असेल तर त्याला सर्वच प्रमाणपत्रे खोटी वाटतात. जुन्या संगणकात याचे कारण बहुधा आतील नाण्याएवढी बॅटरी संपणे हे असते. ती स्वस्तात बदलून मिळते. येथे विषयांतराची परवानगी घेते: ती काढलेली बॅटरी टेबलावर ठेवू नका. वीस मिलिमीटर व्यासाची ही चकती बालकाच्या अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजणे संभवते, आणि संपलेल्या बॅटरीतही त्यास पुरेसा भार उरलेला असतो. ती चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताला लागणार नाही अशीच टाकावी, आणि बालकाने ती गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट एक्स-रे असलेल्या रुग्णालयात न्यावे.

त्या संध्याकाळच्या प्रसंगानंतर आम्ही दवाखान्यात काय बदलले, ते थोडक्यात सांगते. ब्राउझर सुरू होताना आधीची पाने न आणता कोरे पान उघडेल अशी मांडणी केली. अर्ज आपोआप भरण्याची सोय बंद केली. साध्या एफ-५ ने पान ताजे केले तरी काही ब्राउझर भरलेले आकडे तसेच ठेवतात, म्हणून प्रत्येक बालकासाठी मात्रेचे पान बंद करून नव्याने उघडायचे. आणि केसपेपरवर वजन हाताने लिहिल्याखेरीज संगणकाकडे वळायचे नाही. तरुण मंडळींना हे शेवटचे जरा मागासलेले वाटते. मी ते बदललेले नाही.

स्मृतीचा दुसरा धोका गोपनीयतेचा. स्वागतकक्षातील संगणक दिवसातून चार जण हाताळतात. त्यावर माझी ईमेल उघडी, प्रयोगशाळेचा पासवर्ड जतन केलेला, आणि पत्त्याच्या पट्टीत पहिले अक्षर टाकताच काल कोणत्या रुग्णाचा अहवाल पाहिला ते हजर! २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा आग्रह धरला आहे. तेव्हा आम्हा बालरोगतज्ज्ञांवर ही जबाबदारी अधिकच येते. विंडोजमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र खाते देणे हा योग्य मार्ग. खासगी खिडकीही येथे उपयोगी आहे, परंतु ती फक्त आपल्या यंत्रावरील खुणा पुसते. इंटरनेट पुरवणाऱ्यापासून किंवा संकेतस्थळापासून ती काही लपवीत नाही.

फोनवरील तक्रारींचे रूप थोडे वेगळे असते. समाजमाध्यमाच्या ॲपमध्ये दुव्यावर बोट ठेवले, की पान पुष्कळदा त्या ॲपच्याच पोटातील ब्राउझरमध्ये उघडते. तेथे आपले पासवर्ड नसतात, कधी फाइल उतरत नाही. कोपऱ्यातील तीन टिंबांतून ते पान नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडावे, निम्मे प्रश्न तेथेच मिटतात. अँड्रॉइडमध्ये ॲपना पाने दाखवण्याचे काम वेबव्ह्यू नावाचा एक घटक करतो. मार्च २०२१ मध्ये त्याची एक सदोष आवृत्ती आली आणि जगभर असंख्य फोनांवर ॲप आपोआप बंद पडू लागली. फोन बिघडला म्हणून दुकानात धावण्यापूर्वी वेबव्ह्यू आणि ब्राउझर दोन्ही अद्ययावत करून पाहावेत.

कुलपाच्या चिन्हाविषयीही दोन शब्द. कुलूप म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक, असा समज आपल्या संस्थेतही आहे. कुलूप फक्त वाट सुरक्षित असल्याचे सांगते. वाटेच्या टोकाला कोण बसले आहे ते नव्हे. ठगाच्या घराचा रस्ताही डांबरी असू शकतो. हा गैरसमज पाहूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह बदलले. पैसे किंवा ओटीपी देण्यापूर्वी पत्त्याच्या पट्टीतील नाव अक्षर न अक्षर वाचणे याला पर्याय नाही.

गेल्या दिवाळीच्या आसपास रात्री साडेदहाला आपल्या एका निवृत्त शल्यविशारद सरांचा फोन आला. आवाज घाबरलेला. ‘अगं, माझ्या संगणकात पाच व्हायरस शिरलेत असं तोच सांगतोय. दर मिनिटाला. भाचा म्हणतो सगळं पुसून टाकावं लागेल.’ त्यात त्यांच्या चाळीस वर्षांच्या शस्त्रक्रियांची छायाचित्रे होती. मी त्यांना त्या संदेशातील कोणताही क्रमांक फिरवू नका आणि कोठेही बोट ठेवू नका, असे सांगितले. मग ब्राउझरच्या मांडणीत, तेथून संकेतस्थळांच्या परवानग्यांत, तेथून सूचनांच्या यादीत त्यांना फोनवरूनच नेले. एका अनोळखी संकेतस्थळाला त्यांनी कधीतरी चित्रपट पाहताना ‘परवानगी द्या’ म्हटले होते. व्हायरसच्या त्या सगळ्या आरोळ्या तेथून येत होत्या. ती परवानगी काढताच आरोळ्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी संगणकाची विषाणूतपासणी करवून घेतली, काही निघाले नाही. एकही छायाचित्र पुसावे लागले नाही.

संध्याकाळी सरांचा पुन्हा फोन. घाईत त्यांनी यादीतील सगळ्याच परवानग्या काढल्या होत्या आणि क्रिकेटची धावसंख्या येईनाशी झाली होती. तेवढी एक आम्ही परत दिली.